कोरी नळी निळी होते, भरलेली कोरी राहते : पॉलिमर नॅनोझाइमच्या रंगचाचणीत काय, कुठून तपासावं

आधी लक्षणं. यातलं एखादं तरी तुमच्या बाकावर घडत असेल म्हणूनच तुम्ही हे वाचताय.

• ज्या नळीत नॅनोकण घातलेच नाहीत, तीही दहा मिनिटांत निळी पडते.
• सगळं घातलं तरी रंग येत नाही. आला तर अर्ध्या तासाने, फिकट आभाळी.
• निळा येतो, मग हिरवट होतो, मग पिवळा. ६५२ नॅनोमीटरचं (म्हणजे निळ्या रंगाचं) रीडिंग वर चढतं आणि आपोआप उतरतं.
• साध्या ग्लुकोजच्या द्रावणावर आलेख सरळ रेषेत येतो. सीरम किंवा लघवीचा नमुना घातला की रंग गायब.
• ताजी बॅच जोरदार असते. महिन्याभराने त्याच बाटलीतले कण मेल्यासारखे वागतात.
• सोमवारचं आणि शुक्रवारचं रीडिंग जुळत नाही.

मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. दर वर्षी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की कोणीतरी रडवेल्या चेहऱ्याने दारात येऊन म्हणतं, "मॅडम, कण बिघडले, पुन्हा सिंथेसिस लावते." माझं उत्तर ठरलेलं आहे : आत्ता नाही. कण पुन्हा बनवायचे, धुवायचे, डायलिसिसला लावायचे (बारीक छिद्रांच्या पिशवीत घालून पाण्यात ठेवायचे, म्हणजे क्षार निघून जातात) यात आठवडा जातो. आणि माझ्या अनुभवात दोष बहुतेकदा कणांत नसतोच. तो पाण्यात असतो, पेरॉक्साइडच्या बाटलीत असतो, टीएमबीच्या (रंग देणाऱ्या पदार्थाच्या) नळीत असतो, नाहीतर कण नीट धुतलेले नसतात. म्हणून कणांना हात लावायच्या आधी कोऱ्या नळ्यांना विचारा.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी मूळ गोष्ट थोडक्यात. हॉर्सरॅडिश नावाच्या मुळातलं पेरॉक्सिडेज हे एंझाइम हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून टीएमबी या रंगहीन पदार्थाचं ऑक्सिडेशन करतं आणि टीएमबी निळा होतो. २००७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकणही हेच काम करतात. एंझाइमसारखं वागणाऱ्या अशा कणांना नॅनोझाइम म्हणतात. आपण जे वापरतो ते पॉलिमरचे : कधी पॉलिमरच्या जाळ्यात हेमिन (हिमोग्लोबिनमध्ये असतो तसा लोह असलेला रेणू) बसवलेलं, कधी पॉलिपायरोलसारखं स्वतःच काम करणारं. ग्लुकोज मोजायचं असेल तर ग्लुकोज ऑक्सिडेज त्यातून पेरॉक्साइड तयार करतं आणि आपले कण त्या पेरॉक्साइडचं निळ्या रंगात रूपांतर करतात. म्हणजे आपल्याला दिसतो तो रंग ग्लुकोजचा नाही, पेरॉक्साइडचा नाही आणि कणांचाही नाही. तो टीएमबीचा आहे. टीएमबीला निळं करू शकणारी कुठलीही गोष्ट तुम्हाला फसवू शकते, आणि निळ्याचं पुन्हा रंगहीन करणारी कुठलीही गोष्टसुद्धा.

पहिली तपासणी : पाच नळ्या

पंधरा मिनिटं लागतात आणि खर्च जवळपास शून्य. मी एक मिलिलिटरचं मिश्रण घेते : ४.० पीएचचा अॅसिटेट बफर ८५० मायक्रोलिटर, १० मिलिमोलर टीएमबी ५० मायक्रोलिटर, एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणातले कण ५० मायक्रोलिटर, २०० मिलिमोलर पेरॉक्साइड ५० मायक्रोलिटर. जे वगळायचं त्याच्या जागी तेवढंच डिस्टिल्ड पाणी.

पहिल्या नळीत बफर आणि टीएमबी. दुसरीत त्यावर पेरॉक्साइड. तिसरीत पेरॉक्साइड नाही, कण आहेत. चौथीत सगळं. पाचवीत कणांऐवजी अगदी विरळ केलेलं खरं पेरॉक्सिडेज, बफर ५ पीएचचा आणि पेरॉक्साइड दहापट कमी, कारण जास्त पेरॉक्साइडमध्ये हे एंझाइम स्वतःच निकामी होतं.

पहिली नळी निळी झाली तर दोष पाण्याचा, काचेचा किंवा टीएमबीचा. पहिली स्वच्छ आणि दुसरी निळी, तर पाण्यात किंवा बफरमध्ये लोह-तांब्याचे आयन आलेत. तिसरी निळी झाली तर कणांसोबत काहीतरी ऑक्सिडीकारक उरलंय, किंवा तुमचे कण हवेतला ऑक्सिजन वापरून काम करताहेत. पाचवी निळी पण चौथी कोरी असेल, तेव्हा कुठे कणांवर संशय घ्यायचा. आणि पाचवीही कोरी राहिली तर कण निर्दोष सुटले : पेरॉक्साइड किंवा टीएमबी गेलेलं आहे.

पाचवी नळी मुलं हमखास गाळतात. "आपण एंझाइमशिवाय करतोय ना, मग एंझाइम कशाला?" असं विचारतात. पण ज्याचं काम पक्कं माहीत आहे असा एक साक्षीदार शेजारी उभा नसेल तर चौथी नळी काहीच सिद्ध करत नाही.

पाणी आणि काच

शुक्रवारच्या निळ्या नळीचा मी दोन वर्षं पिच्छा पुरवला. सोमवार ते बुधवार कोरी नळी स्वच्छ, शुक्रवारी निळसर. टीएमबी बदललं, बफर बदलला, फरक नाही. पुणेकरांना माहीत आहे, देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं तर तो वार बहुधा गुरुवार असतो आणि शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं. गुरुवारी आमचा डिस्टिलेशनचा प्लँट बंद राहायचा. शुक्रवारी डिस्टिल्ड पाणी पुरवून वापरायचं म्हणून काचसामान नळाच्या पाण्याने धुऊन तसंच वाळवलं जायचं. वर इमारतीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर पडलेली असायची. टीएमबी हा पाण्यातला क्लोरीन ओळखायचाही अभिकर्मक आहे; क्लोरीनने तो कणांशिवाय, पेरॉक्साइडशिवाय रंगतो. पिण्याच्या पाण्यात थोडा मुक्त क्लोरीन असायलाच हवा, भारतीय मानकात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम सांगितला आहे. प्यायला जे चांगलं ते आपल्या नळीला चालत नाही, एवढंच.

तपासायचं कसं? तीन नळ्यांत तीन पाणी : नळाचं, तुमच्या कॅनमधलं डिस्टिल्ड, आणि दुसऱ्या विभागातून मागून आणलेलं ताजं डिस्टिल्ड. तिन्हींत बफर आणि टीएमबी सारखंच. दहा मिनिटांनी पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. कॅनमधलं पाणी रंगलं आणि मागून आणलेलं नाही, तर उत्तर मिळालं. काचसामान शेवटी तीनदा ताज्या डिस्टिल्ड पाण्याने विसळायचं. हायपोक्लोराइटने धुतलेली भांडी या कामासाठी नकोतच.

दुसरी नळी निळी होत असेल तर डिस्टिलेशनच्या जुन्या धातूच्या भांड्याकडे बघा. लोहाचे आणि तांब्याचे आयन पेरॉक्साइड फोडून तेच काम करतात जे तुम्ही कणांकडून अपेक्षित धरलंय. बफरमध्ये चिमूटभर ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारा पदार्थ) घालून पुन्हा करा. रंग मंदावला तर मोकळ्या आयनांचा हात होता. हेमिनमधलं लोह पॉर्फिरिनच्या कड्यात घट्ट बसलेलं असतं, ते ईडीटीएला सहज मिळत नाही. म्हणून ही तपासणी हेमिनवाल्या कणांनाही लावता येते.

क्युवेट (रीडिंग घ्यायची चौकोनी नळी) विसरू नका. निळा टीएमबी प्लास्टिकला चिकटतो. एका रीडिंगनंतर नुसत्या पाण्याने धुतलेल्या क्युवेटमध्ये पुढचं ब्लँक (शून्य ठरवायचं रंगहीन द्रावण) लावलं तर ते ब्लँक राहत नाही. इथॅनॉलने धुवा, मग पाण्याने, आणि पारदर्शक बाजूला बोट लावू नका.

टीएमबी

स्टॉक (टीएमबीचं मूळ दाट द्रावण) रंगहीन किंवा अगदी फिकट पिवळसर असायला हवा. हिरवट-निळा झाला असेल तर फेकायच्या डब्यात. "थोडासाच रंग आहे, ब्लँकमधून वजा करू" असं करू नका, कारण तो रंग प्रयोग चालू असतानाही वाढत असतो. नळीला अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळा आणि लहान लहान वाटे करून ठेवा.

आता एक पुण्याच्या थंडीतली गोष्ट. टीएमबी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून आपण तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवतो. डीएमएसओ १८.५ अंश सेल्सियसला गोठतो. फ्रीजमध्ये तो दगड होतो हे सगळ्यांना दिसतं. पण डिसेंबर-जानेवारीत, पाषाणसारख्या भागातल्या उत्तरेकडच्या खोलीत, सकाळी आठला तो बाकावरच अर्धवट गोठलेला असतो. विद्यार्थी वरचं पातळ तेवढं पिपेटने उचलतो. गोठताना विरघळलेला पदार्थ उरलेल्या द्रवात जास्त साठतो, त्यामुळे पहिल्या नळीत टीएमबी जास्त जातो आणि शेवटच्या नळीत कमी. आलेख वाकडा येतो आणि दोष कणांवर जातो. नळी तळहातात धरून पूर्ण वितळू द्या, नीट हलवा, मगच पिपेट बुडवा.

दुसरा सापळा वजनाचा. नुसत्या टीएमबीचा रेणुभार २४० आहे, त्याच्या डायहायड्रोक्लोराइड क्षाराचा ३१३. दोन्हींच्या बाटल्या सारख्याच दिसतात. २.४ मिलिग्रॅम मिलिलिटरमध्ये घेतलं की पहिल्याचं १० मिलिमोलर होतं, दुसऱ्याचं फक्त ७.७. सीनियरच्या वहीतून रेसिपी उतरवताना बाटलीवरचं नाव शेवटपर्यंत वाचा.

आणि डीएमएसओ एकूण मिश्रणाच्या पाच टक्क्यांवर नेऊ नका. तुमचे कण हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या (पेरॉक्साइड फुटून होणाऱ्या अतिक्रियाशील तुकड्याच्या) वाटेने काम करत असतील तर डीएमएसओ तेच रॅडिकल टिपून घेतो आणि रंग कमी पडतो.

पेरॉक्साइड

चौथी आणि पाचवी, दोन्ही नळ्या कोऱ्या असतील तर नव्वद टक्के संशय इथे घ्या. ३० टक्क्यांची बाटली म्हणजे सुमारे ९.८ मोलर. पण बाटलीवरचा आकडा ती भरली त्या दिवसाचा असतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात कपाटात राहिलेली, दहा जणांनी पिपेट बुडवलेली बाटली आज किती आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजणं सोपं आहे. शंभरपट विरळ करा, त्यातलं पुन्हा दहापट. आता ते साधारण १० मिलिमोलर असायला हवं. २४० नॅनोमीटरला, पाण्याच्या ब्लँकवर, एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये ०.४३ च्या आसपास रीडिंग यावं. क्युवेट क्वार्ट्झचाच हवा. काच आणि साधं प्लास्टिक तिथे प्रकाश गिळून बसतात. ०.२ आलं तर निम्मं पेरॉक्साइड उडालेलं आहे. यूव्ही नसेल तर पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन करा, बारावीत केलंय तसंच.

विरळ द्रावण रोज सकाळी नवीन. उरलेलं मूळ बाटलीत परत ओतायचं नाही, कारण धुळीचा किंवा धातूचा एक कणही आतलं सगळं हळूहळू फोडत राहतो. बाटली फ्रीजमध्ये, तिच्या मूळच्या हवा सोडणाऱ्या झाकणासह ठेवायची. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड कातडी पांढरी करतं आणि डोळ्याला गंभीर इजा करू शकतं. हातमोजे आणि चष्मा, रोज.

पीएच : नळीतला, बाटलीवरचा नाही

बहुतेक नॅनोझाइम ४ पीएचच्या आसपास टीएमबीशी सर्वांत चांगलं काम करतात आणि ७ ला त्यांचा दम जातो. ग्लुकोज ऑक्सिडेजला मात्र साडेपाच ते सात आवडतो. म्हणून दोन टप्पे : आधी ७ पीएचला, ३७ अंशांवर अर्धा तास ग्लुकोजचं पेरॉक्साइड होऊ द्यायचं, मग अॅसिटेट बफर, टीएमबी आणि कण घालायचे.

घोटाळा जोडावर होतो. पहिल्या टप्प्याचा फॉस्फेट बफर निम्मा आणि वर विरळ अॅसिटेट निम्मा, तर शेवटचा पीएच ४ राहतच नाही. मी एका मुलाच्या "४ पीएचच्या" नळीत पीएचची पट्टी बुडवली तेव्हा ती सहा दाखवत होती. त्याचा अख्खा महिना त्यात गेला होता. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे : रंग येवो न येवो, एका नळीचा शेवटचा पीएच पट्टीवर बघून वहीत लिहायचा. पट्टी एक रुपयाचं काम करते आणि महिना वाचवते. अॅसिटेट ०.२ मोलर ठेवा आणि पहिला टप्पा शक्य तेवढ्या लहान आकारमानात उरका.

तापमान आणि वेळ

इथे फार सांगण्यासारखं नाही. पुण्यात जानेवारीची सकाळ आणि मेची दुपार यांत खोलीचं तापमान पंधरा-वीस अंशांनी बदलतं आणि अभिक्रियेचा वेग त्याबरोबर काही पटींनी. वॉटर बाथ वापरा. जानेवारीतल्या आलेखावर मेमधला नमुना वाचू नका. प्रत्येक नळीला पेरॉक्साइड घालण्याची वेळ वेगळी असते, म्हणून पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने घाला आणि त्याच क्रमाने वाचा.

निळ्याचा हिरवा आणि पिवळा होत असेल तर कण निकामी नाहीत, उलट जास्त आहेत. एक इलेक्ट्रॉन गेला की टीएमबी निळा (३७० आणि ६५२ नॅनोमीटर), दुसराही गेला की पिवळा (४५०). मधल्या टप्प्यात दोन्ही मिसळून हिरवट दिसतं आणि ६५२ चं रीडिंग घसरतं. कण निम्मे करा, वेळ कमी करा. नाहीतर ठरलेल्या वेळी सल्फ्युरिक आम्ल घालून सगळंच पिवळं करून ४५० ला वाचा. पण मग संपूर्ण आलेख त्याच पद्धतीने हवा.

ज्यांच्याकडे स्पेक्ट्रो (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) नाही आणि फोनने फोटो काढून रंग मोजतात त्यांच्यासाठी : तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) पांढऱ्या एलईडीची पट्टी आणा, बुटांच्या खोक्यात आतून पांढरा कागद लावून बसवा, फोनचा आपोआप होणारा व्हाइट बॅलन्स बंद करा आणि प्रत्येक फोटोत एक कोरा पांढरा तुकडा येऊ द्या. आकडा लाल चॅनलचा घ्या. निळा द्राव लाल प्रकाश शोषतो, त्यामुळे बदल लालमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो.

कण खरोखर धुतले आहेत का

इथपर्यंत सगळं ठीक आणि तरी तिसरी नळी निळी, तर आता कणांकडे वळू. माझ्या मते या विषयातली सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी तपासणी हीच आहे.

पॉलिपायरोल बनवताना बऱ्याचदा फेरिक क्लोराइड वापरतात. बाकीच्या बऱ्याच पॉलिमरना अमोनियम पर्सल्फेट लागतं. दोन्ही ऑक्सिडीकारक आहेत, दोन्ही टीएमबीला रंगवू शकतात. कणांबरोबर ते थोडे जरी उरले तर पहिल्या दिवशी तुमचे कण अप्रतिम काम करताना दिसतात. तुम्ही खूश होता, गाइडना आलेख दाखवता. पुढच्या बॅचला कोणी डायलिसिस दोन दिवस जास्त ठेवतं आणि "अॅक्टिव्हिटी" निम्मी होते. ती कमी झालेली नसते, खरी तेवढीच होती. असं घडलेलं बघितलं की वाईट वाटतं, कारण तोवर त्या मुलीने अर्धा प्रबंध त्या पहिल्या आकड्यावर लिहिलेला असतो.

तीन स्वस्त तपासण्या आहेत. एक, कण गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून वरच्या निवळीत आम्लाचा थेंब आणि पोटॅशियम थायोसायनेट घाला; रक्तासारखा लाल रंग आला तर फेरिक उरलंय. दोन, स्टार्च-आयोडाइडचा कागद निवळीत बुडवा. निळा-काळा झाला तर कुठलातरी ऑक्सिडीकारक शिल्लक आहे. हे पेरॉक्साइड घालण्याआधी करायचं, नाहीतर कागद त्यानेच रंगेल. तीन, घरच्या आरओचं पाणी तपासायला मिळतो तो टीडीएसचा पेन घ्या आणि डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्यात बुडवा. पाणी बदलल्यावर काही तासांनीही आकडा चढत नसेल तर क्षार निघून गेलेत. विद्युतभार नसलेला मोनोमर (ज्यापासून पॉलिमर बनतो तो सुटा रेणू) या पेनला दिसत नाही, हे लक्षात असू द्या.

मग निवळीची मुख्य परीक्षा : कण काढून टाकलेली निवळी चौथ्या नळीत कणांच्या जागी घाला. ती कोरी राहायला हवी. निळी झाली तर काम कण करत नाहीत, त्यांच्यातून सुटलेलं काहीतरी करतंय. हेमिनवाल्या कणांत हे फार होतं, कारण हेमिन कधी कधी पॉलिमरला जोडलेलं नसतं, नुसतं अडकलेलं असतं. (हेमिनचा रेणुभार ६५२ आणि टीएमबीचा निळा ६५२ नॅनोमीटरला. निव्वळ योगायोग, पण दोन्ही आकडे लक्षात राहतात.) शंभर नॅनोमीटरचे हलके पॉलिमरचे कण छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसत नाहीत, निवळी कोरी दिसली तरी तिच्यात कण असू शकतात. त्यासाठी गाळणीची सेंट्रिफ्यूज ट्यूब वापरा.

तिसरी नळी धुतल्यावरही निळी होत असेल तर बफरमधून वीस मिनिटं नायट्रोजन सोडून बघा. रंग मंदावला तर तुमचे कण हवेतल्या ऑक्सिजनवर चालताहेत. तो दोष नाही, गुणधर्म आहे. फक्त प्रत्येक रीडिंगमधून ती नळी वजा करावी लागेल आणि तसं लिहावं लागेल.

महिन्याभराने मेलेली बॅच

बाटली उजेडात धरा. तळाशी गाळ, गुठळ्या किंवा दुधाळपणा वाढला असेल तर कण एकमेकांना चिकटलेत. पृष्ठभाग घटला, काम घटलं. सोनिकेटरच्या (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्राच्या) बाथमध्ये दहा मिनिटं ठेवून सावरले तर ठीक. कण नुसत्या पाण्यात डीप फ्रीजरला ठेवले असतील तर बहुधा सावरणार नाहीत, कारण बर्फ होताना ते एकमेकांवर दाबले जातात. ४ अंशांवर ठेवा. सुकवून ठेवायचे तर आधी ट्रेहॅलोज किंवा सुक्रोज मिसळून.

गाळ नसेल आणि कण हेमिनचे असतील तर ४०० नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर बघा. जास्त पेरॉक्साइड हेमिनचं कडंच तोडतं आणि ते शिखर खाली येतं. तेच कण पुन्हा पुन्हा वापरणाऱ्यांना हे भोगावं लागतं.

एक अगदी साधं कारणही बघून घ्या : बुरशी लागू नये म्हणून कोणी सोडियम अझाइड घातलंय का? अझाइड हेमच्या लोहाला धरून बसतं आणि खऱ्या पेरॉक्सिडेजलाही थांबवतं. विकतच्या एंझाइमच्या द्रावणातही ते असू शकतं.

खरा नमुना घातला की रंग जातो

इथे आधी हिशेब करा. उपाशीपोटी रक्तातलं ग्लुकोज डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमोलर. तुम्ही नमुना पन्नासपट विरळ केलात की उरलं ०.११ मिलिमोलर. एका ग्लुकोजमागे एकच पेरॉक्साइड. म्हणजे तुमच्या चौथ्या नळीत होतं १० मिलिमोलर आणि नमुन्याच्या नळीत आहे त्याच्या नव्वदाव्या हिश्श्याइतकं. रंग फिकट येणारच. तुमचा आलेख त्या पट्ट्यात काढलाय का ते बघा.

उलट बाजूने, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन सुमारे ०.२५ मिलिमोलर असतो आणि ग्लुकोज ऑक्सिडेजला तोच लागतो. न हलवलेल्या नळीत ग्लुकोज त्याच्या वर गेलं की आलेख आडवा होतो. त्यात कणांचा संबंध नाही.

हिशेब जमूनही रंग येत नसेल तर निळ्याचं पुन्हा रंगहीन करणारे शोधा : क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन, सिस्टीन, यूरिक आम्ल. नमुना विरळ केल्याने हे कमी होतात असं मुलांना वाटतं. पण ग्लुकोजही तेवढंच कमी होतं, गुणोत्तर तसंच राहतं. सीरममध्ये ग्लुकोजच्या तुलनेत क जीवनसत्त्व साधारण शंभरावा हिस्सा असतं, म्हणून तिथे निभावतं. निरोगी माणसाच्या लघवीत ग्लुकोज अत्यल्प असतं आणि त्याने क जीवनसत्त्वाची गोळी घेतली असेल तर चित्र उलटं होतं. अॅसिटिलकोलीन (मज्जातंतूंतला एक संदेशवाहक रेणू) मोजणाऱ्यांचं तर आणखी कठीण. एका अॅसिटिलकोलीनपासून, कोलीनच्या वाटेने, दोन पेरॉक्साइड मिळतात ही जमेची बाजू. पण शरीरातल्या द्रवांत ते इतकं कमी असतं की क जीवनसत्त्व त्याच्यावर सहज मात करतं.

ओळखायचं असं : नमुन्यात ठरावीक ग्लुकोज वरून घाला आणि तेवढं परत मिळतं का बघा. ९० ते ११० टक्के मिळालं तर नमुना निर्दोष. साठ मिळालं तर कोणीतरी रंग खातंय. त्याच नमुन्यात ग्लुकोज ऑक्सिडेज न घातलेली नळीही लावा. ती निळी झाली तर सीरम लालसर आहे का बघा, कारण फुटलेल्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन स्वतः टीएमबी रंगवतं. त्याच पेशींतलं कॅटलेज पेरॉक्साइड फोडून टाकतं. लालसर सीरम घेऊच नका.

इथे थांबा

स्पेक्ट्रोमध्ये पाणी विरुद्ध पाणी लावूनही आकडा स्थिर राहत नसेल तर क्युवेट बदलून एकदा बघा आणि सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. दिव्याचं झाकण स्वतः उघडू नका. ड्युटेरियमचा दिवा तापलेला असतो आणि त्याचा अतिनील प्रकाश डोळ्यांना इजा करतो. सेंट्रिफ्यूज थरथरत असेल तर बंद करा आणि रोटरला हात लावायचं काम त्याच्या माणसावर सोडा.

पेरॉक्साइडची बाटली फुगलेली दिसली तर उघडू नका, हलवू नका. खोली रिकामी करून सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना सांगा.

पाच नळ्या, धुण्याच्या तपासण्या आणि निवळीची परीक्षा करूनही चौथी नळी कोरीच असेल तर बाकावरून यापुढे काही कळणार नाही. कणांचा आकार, त्यांवरचा भार, आत लोह किती उरलंय हे डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणारं यंत्र), टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आणि आयसीपीवर (धातू मोजणारं यंत्र) बघावं लागतं. पुण्यात एनसीएल, आयसर या संशोधन संस्था आणि विद्यापीठ अशा ठिकाणी ही यंत्रं आहेत. गाइडच्या पत्राने वेळ घ्या. नमुना देताना पाच नळ्यांचा फोटो आणि धुण्याची नोंद सोबत न्या. तिथला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

आणि माणसाचा नमुना. एथिक्स समितीची लेखी परवानगी नसेल तर स्वतःचंही रक्त या नळीत घालायचं नाही. मागे एका विद्यार्थ्याने आजीची साखर आपल्या कणांवर तपासून तिला घरी आकडा सांगितला आणि तिने त्या आकड्यावर गोळी अर्धी केली. सुदैवाने मुलाने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं आणि आम्ही तिला तासाभरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नेलं. आपली नळी अजून संशोधनाची नळी आहे. साखर लॅबमध्ये मोजायची आणि गोळी डॉक्टरांना विचारून बदलायची.